दाताळं

मी गाडी चालवतो. लांब, काळी, काचेच्या भिंतींची.
होल्डरनेसच्या गावांत तिला कुणी नावानं हाक मारत नाही.
'ती आली' म्हणतात, आणि टोपी काढतात.
नाव आहे तिला : हर्स.
सत्तावीस वर्षं तिच्या काचा पुसतोय,
आणि नावाचा अर्थ कळला तो परवाच्या मंगळवारी.

आत प्रार्थना चालते तेव्हा ड्रायव्हरनं बाहेर थांबायचं असतं.
मी शब्दकोडं घेऊन बसतो. आडवे चार, उभे नऊ.
सीटखाली कोश आहे, पाठ मोडलेला,
बीटरिसनं जुन्या बाजारातून आणलेला, सोबत दोन केक-साचे.

कोश म्हणतो, हे नाव मुळात दाताळ्याचं.
नांगरटीनंतर ढेकळं फोडत जाणाऱ्या
लोखंडी, दातेरी दाताळ्याचं.
मग तसाच एक सांगाडा चर्चमध्ये आला,
शवपेटीवर उभा राहिला,
दात वर, आणि दातादातावर मेणबत्ती.
मग सांगाड्याला चाकं आली, चाकांना घोडे,
घोड्यांमागून माझं डिझेल.
आणि दाताळ्याच्याही खाली, पार तळाशी,
इटलीतल्या कुठल्याशा विझलेल्या बोलीत
लांडगा.
इथं कोश 'बहुधा' म्हणतो.
मला आवडला तो 'बहुधा'.
आमच्या धंद्यात तो शब्द कधी मिळत नाही.

शुक्रवारी ऑल्विन स्टॅदर्सला न्यायचं होतं.
जन्मभर चिकणमातीशी भांडलेला माणूस;
भांडण बरोबरीत सुटलं असं म्हणू.
मुलगी हेस्टर पुढे, माझ्या शेजारी बसली.
हातात घडी केलेला कागद, डोळे रस्त्यावर,
ओठ हलताहेत, आवाज नाही.
एक ओळ, मागं, तीच ओळ, पुन्हा मागं.
"रिहर्सल करतेय," ती म्हणाली,
"चर्चमध्ये आवाज फुटायला नको."

मी काही बोललो नाही.
पण कोशानं मला त्याच मंगळवारी
हर्सवरून रिहर्सलवर धाडलं होतं.
एकाच घरचे दोघं.
रिहर्स, म्हणजे त्याच वावरात
पुन्हा एकदा दाताळं फिरवायचं.
एकदा फिरवून भागत नाही.
वरून भुसभुशीत दिसतं,
पाय दिला की खाली ढेकूळ लागतं.

वळणावर ट्रॅक्टर आडवा आला.
मागं दाताळं, पंख मिटल्यासारखं दोन्हीकडून उचललेलं,
दात आभाळाकडे, दातांत ओली माती.
रस्ता एवढासा, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर,
बाजू घ्यायला जागाच नाही.
पोरगा आरशात बघून लाजेनं अर्धा झाला.
टोपी काढली, मांडीवर ठेवली,
आणि उघड्या डोक्यानं तसाच चालवत राहिला.
पुढं दाताळं, मागं आम्ही.
पाऊण मैल.
वर समुद्रपक्षी कलकलत आले,
उकरलेल्या मातीमागं येतात तसे,
इथं किडे मिळणार नाहीत हे त्यांना कोण सांगणार.

हेस्टर हसायला लागली.
हसता हसता कागद गुडघ्यावरून खाली घसरला,
तिनं उचलला नाही.
"बाबा म्हणाले असते,
त्या पोराला सांगा, तिसरा दात वाकलाय."
वाकला होता खरा.

तिनं आत काय सांगितलं मला ठाऊक नाही. मी बाहेर होतो.
आडवे चार तसंच राहिलं.

परतताना गाडी रिकामी होती, रिकामी धावते जरा.
त्या वळणावर डांबरावर मातीची ढेकळं पडलेली,
मी वेग कमी केला.
बीटरिसच्या वेळी मला बोलायला बोलावलं होतं.
मी उठलो, खोकलो, आणि खाली बसलो.
अकरा वर्षं झाली.
काचेच्या भिंतींत बाहेरचं ऐकू येत नाही,
बाहेरच्यांनाही आतलं नाही.
मी म्हणालो, "बीटरिस केक-साचे आणायची."
मग मागं गेलो.
"बीटरिस बाजारात गेली की
हवं ते सोडून भलतंच आणायची."
मागं.
"बीटरिस."